कॅलेंडरवरच्या फुल्या

"ह्या येळंला बी धरली न्हाई ओ, बाई."

सगुणाबाईंनी पिशवी दाराच्या उजेडात धरली होती. आत शिजवलेली तांदळाची कणी आणि तिच्यावर पांढरा, कापसासारखा थर. आज अकरावा दिवस. एव्हाना पिशवी आतून हिरवीगार व्हायला हवी होती. पांढरं राहिलं म्हणजे बुरशी नुसती पसरली, पुढं बी धरलंच नाही. म्हणजे तीनशे पिशव्या उकिरड्यावर.

"तिसरा लॉट," मी म्हणाले.

"तिसरा," त्या म्हणाल्या आणि मागं बघून आवाज खाली आणला. "मी काय म्हंते, ती पोरगी आत जातीया. अडचणीची असताना बी जातीया. मी इचारलं तिला."

मी हेल्मेट खुंटीला लावलं. सकाळी सूसवरून स्कूटरवर निघायचं, नांदे-लवळ्याच्या खड्ड्यांतून पिरंगुटला यायचं, तिथून भऱ्याला, आमच्या शेडवर. पंचवीस वर्षं झाली. ठिकाणावर पोचेपर्यंतच माझं अर्धं अंग दुखायला लागतं. त्यात सकाळी सव्वानऊला असल्या विषयावर कोण तोंड उघडणार?

आमचं काम सांगायला गेलं की लोक आधी हसतात. आम्ही बुरशी पिकवतो. साधी नव्हे, किडे मारणारी. उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी असते ना, तिच्या अंगावर ही बुरशी पडली की ती कातडीतून आत शिरते आणि आठ-दहा दिवसांत हुमणी कडक होऊन मरते. शेतकऱ्याला विषारी औषध मारावं लागत नाही. ही बुरशी वाढवायची कशावर, तर भातावर. कणी धुवायची, पिशव्यांत भरायची, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा, मोठ्या कुकरमध्ये वाफवायची, निवली की वरून बुरशीचं पाणी सोडायचं आणि अंधाऱ्या खोलीत रॅकवर ठेवून द्यायची. त्या पाण्याला सगुणाबाई विरजण म्हणायच्या. आता मीही तेच म्हणते.

सगुणाबाई कोळवणच्या. जन्मभर भातात राबलेल्या. घरची जमीन गेली, तिथं पुण्याच्या कुणाचा तरी बंगला झाला आणि त्यांचे यजमान नथू त्याच बंगल्यावर राखणीला लागले. सगुणाबाई आमच्याकडं आल्या त्याला अठरा वर्षं झाली. आमचे अण्णासाहेब, म्हणजे या शेडचे मालक, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. ते पाहुण्यांना सांगायचे, "शास्त्र माझं, पण हात सगुणाबाईंचा." आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी विरजण लावलेली पिशवी वाया गेली, असं मी अठरा वर्षांत क्वचित पाहिलं. गावातही लोणचं घालायचं म्हटलं की मीठ-मसाल्याला त्यांचाच हात लागायचा. बाईजवळ दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं, हे एवढं होतं.

रेश्मा आली माघात. भऱ्याचीच सून, बारावी सायन्स, बावीस वर्षांची. सासूनं घरापासून चालत जाता येईल एवढ्याच नोकरीला परवानगी दिलेली. ही सुटली तर पुन्हा शेण-गोठा आणि दुपारी टीव्हीसमोर सासूचे पाय चेपणं. हे तिनंच मला पहिल्या आठवड्यात हसत सांगितलं होतं. पोरगी चुणचुणीत. सगळ्याला 'का' विचारायची. आणि नेमकं ती आली त्या महिन्यापासून पिशव्या पांढऱ्या राहायला लागल्या.

मी माझ्या परीनं शोधलं, नाही असं नाही. पाणी बदललं, खोलीचा एसी दुरुस्त करून घेतला, कणीचं पोतं बदललं. सूक्ष्मदर्शक मात्र कपड्याखालून काढला नाही. हिरवी पूड आली की ती काचेवर घेऊन मोजायची, हे माझं काम. पांढऱ्यात मोजायला काय असतं, असं म्हणून मी सोडून दिलं. खरं सांगायचं तर कंटाळा केला.

तिसरा लॉट गेल्यावर अण्णासाहेब भडकले. मृगाच्या आधी माल जायला हवा, तालुक्यातून फोनवर फोन येत होते. ते म्हणाले, "नवीन माणूस आल्यापासून हे सुरू झालंय. आणखी एक लॉट गेला तर तिला यायचं थांबवा. मला कारणं सांगत बसू नका."

त्यावर सगुणाबाईंनी उपाय काढला. पॅकिंगच्या भिंतीवर आमचं कॅलेंडर आहे, कुठला लॉट कधी लावला ते त्यावर लिहितो. सगुणाबाईंनी सगळ्यांदेखत रेश्माला तारीख विचारली. पोरीनं खाली बघत सांगितली. त्यांनी माझ्या टेबलावरचा लाल पेन उचलला आणि एप्रिलच्या पानावर ओळीनं चार फुल्या मारल्या.

"हे चार दिस आत पाय ठेवायचा न्हाई. भायेर बसून खोकी कर. लोणच्याला चालत न्हाई, मंग ह्याला कसं चालंल?"

टेम्पोवाला साहिल बिचारा भाबडेपणानं विचारून गेला, "मावशी, फुल्या कसल्या ओ?" मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. रेश्मानं माझ्याकडं बघितलं.

आता ऐका माझं शहाणपण. माझ्या मनात तेव्हा आलं होतं, की अहो बाई, लोणच्याला बुरा येऊ नये म्हणून बायकांना बाहेर बसवतात. इथं तर बुराच हवाय आपल्याला, मग उलट हिला आत बसवा! घरी जाऊन हे मी नवऱ्याला सांगितलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण शेडमध्ये, रेश्मा माझ्याकडं बघत असताना, मी फोन आल्यासारखं करून आत निघून गेले.

फोन तर सतत येतातच. "मॅडम, ह्ये तुमचं औषध अन् दुकानातलं औषध येकाच पंपात मारलं तर चालंल का? डबल खेप वाचती." दिवसातून दहा जण विचारतात. मी दहा जणांना सांगते, "नाही चालत. दुकानातलं औषध बुरशीलाही मारतं. आणि मारायच्या आधी पंप धुऊन घ्या." पाकिटातल्या कागदावरही ते ठळक छापलंय. तो मजकूर माझाच.

चौथा लॉट लागला तेव्हा रेश्मा चार दिवस बाहेर पत्र्याखाली पोत्यावर बसून खोकी चिकटवत होती. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. पाणी प्यायला आत यायचं तरी ती दारातून विचारायची, "येऊ का?" आणि सगुणाबाई तांब्या बाहेर नेऊन द्यायच्या. दुष्टपणानं नाही हं. मायेनं द्यायच्या, वर गूळही द्यायच्या. त्यांच्या हिशेबी त्या पोरीची नोकरीच वाचवत होत्या.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, पिशव्या बघितल्या. पांढऱ्या.

"उंबऱ्यावर उभी हुती ती," सगुणाबाई म्हणाल्या. "इरजन लावताना. मी बगितलं." पण आवाजात पहिला जोर नव्हता.

अण्णासाहेबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "शनिवार शेवटचा."

शुक्रवारी दुपारी रेश्मा माझ्या खोलीत आली. तिनं ॲप्रन धुऊन, इस्त्री करून आणला होता. टेबलावर ठेवला.

"उद्या दे की," मी म्हणाले.

"उद्या गडबड होईल." ती जायला वळली आणि थांबली. "मॅडम, तो वास अजून येतो का आत?"

"कसला वास?"

"मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं तुम्हाला. खोलीत रॉकेलसारखा वास येतो म्हणून. तुम्ही म्हणालात, नवीन नाकाला येतोच. मग मी गप बसले."

ती गेली. मी खुर्चीतच राहिले. कोरोनात माझा वास गेला तो परत धड आलाच नाही. घरी गॅस चालू राहिला तरी मला कळत नाही, नवरा ओरडतो. आणि ही पोरगी तीन महिन्यांपूर्वी मला वास सांगत होती!

मी उठले. सूक्ष्मदर्शकावरचा कपडा काढला, पांढऱ्या पिशवीतला एक धागा काचेवर घेतला, निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि डोळा लावला.

निरोगी बुरशीचा धागा सरळ असतो. लांब नळी, मधे मधे भिंती, एकेक कप्पा म्हणजे एकेक पेशी. आत सगळं भरलेलं. इथं धागे जागोजागी फुगून गाठी झाल्या होत्या. पेशींच्या भिंती फाटल्या होत्या, आतलं सगळं बाहेर सांडलेलं. काही पेशी नुसत्याच रिकाम्या. विरजणातले बीजाणू तसेच पडून होते, सुकलेले, निम्म्यांना अंकुरसुद्धा फुटला नव्हता. हे मी आधी पाहिलं होतं. दहा वर्षांपूर्वी अण्णासाहेबांनी चाचण्या करून घेतल्या होत्या, दुकानातली कीटकनाशकं एकेक करून बुरशीबरोबर बशीत घालून. वाळवीच्या औषधाच्या बशीत हेच दिसलं होतं. त्यावरूनच तर मी पाकिटातला कागद लिहिला.

मी सगुणाबाईंना हाक मारली.

"आत काही औषध फवारलंत का तुम्ही?"

"न्हाई बा."

"वाळवीचं, मुंग्यांचं, काहीही?"

"फवारलं न्हाई. पुसलं." त्या अगदी सहज म्हणाल्या. "मुंग्या लागल्या हुत्या. ही पोरगी नवी, कणी सांडायची. रॅकच्या लाकडाला वाळवी बी दिसली. आमच्या ह्यांच्याकडं बंगल्यावर डबाभर औषध हाय, त्यातलं बाटलीत आणलं. दर लॉटाला फडक्यानं रॅक पुसून घेतीया. बोळ्यावरनं बी हात फिरवायचा जरा, मुंगी तितनंच आत घुसती." मग माझं तोंड बघून त्या थांबल्या. "का ओ?"

"त्यानं बुरशी मेली, सगुणाबाई."

"ती कशी मरंल? ते किड्याचं औषध हाय. बुरशी काय किडा हाय?"

फोनवरचे लोक अगदी हेच विचारतात. त्यांना मी एका वाक्यात उत्तर देते. इथं मी खुर्ची मागं ओढली. "या, बघा."

अठरा वर्षांत त्या कधी त्या नळीला डोळा लावून बसल्या नव्हत्या. आम्हीही कधी या म्हटलं नव्हतं.

"कुटं बघू?"

"डावा डोळा मिटा. आता दिसतंय?"

"निळं निळं हाय काय तरी." बराच वेळ गेला. मग हळू आवाजात, "ह्ये फुटलंय का?"

"हो. त्या भिंती आहेत, पेशीच्या. औषधानं त्या फाटल्या आणि आतलं बाहेर आलं."

मी दुसरी काच लावली, फ्रिजमध्ये जपलेल्या मूळ विरजणाच्या नळीतली. त्या पुन्हा वाकल्या. इकडं सरळ, भरलेले धागे.

"ह्यो चांगला," त्या म्हणाल्या.

"हो."

"अन् त्यो मघाचा माझा."

त्या उठल्या. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, मग नाकाशी नेऊन हुंगले. मला त्यांची भयंकर दया आली, आणि दया आली की माणूस सोयीचं बोलतं.

"हे बघा, मी अण्णासाहेबांना सांगते, कणी जुनी होती. रॅक बदलू. तुमचं नाव कुठं यायचं कारण नाही."

"अन् पोरीचं?"

"बघू."

"बघू म्हंजी?"

मी काचा धुवायला घेतल्या.

शनिवारी अण्णासाहेब अकराला आले. साहिल टेम्पोत रिकामी खोकी चढवत होता, पॅकिंगच्या तिघी-चौघी होत्या, रेश्मा भिंतीशी पिशवी खांद्याला लावून उभी होती. मी घसा खाकरला, कणीचं काढणार होते. तेवढ्यात सगुणाबाई मधे येऊन उभ्या राहिल्या. हातात ती बाटली आणि ते फडकं होतं.

"सायेब, माल मी घालवला. चारी लॉट. ह्या औषधानं रॅक पुसत हुते मी. बाईंनी मला काल दाविलं, बुरशी आतनं फुटलीया. पोरीचा काय बी दोष न्हाई. मीच तिला भायेर बसीवली, मीच समद्यांम्होरं तिची आब्रू काढली. काडायचं तर मला काडा."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. "अहो, अठरा वर्षं आहात तुम्ही इथं. एकदा विचारायचं नाही?"

"मला समदं ठावं हाय असं वाटलं," सगुणाबाई म्हणाल्या.

मग त्या वळून कॅलेंडरपाशी गेल्या. एप्रिलच्या पानाचा कोपरा धरला, आता टराटरा फाडणार.

"राहू द्या, मावशी," रेश्मा म्हणाली.

"काडून टाकते गं. फुल्या त्या."

"सगळ्यांनी बघितल्यात. आता काढून काय करताय? राहू द्या तिथंच."

ती ओरडली नाही, रडली नाही. सगुणाबाईंचा हात कागदावर तसाच राहिला, मग त्यांनी तो खाली घेतला. अण्णासाहेब उगाचच चष्मा पुसत म्हणाले, "रेश्मा, सोमवारी वेळेवर ये. आणि सगुणाबाई, तुम्हीही या. झालं ते झालं." एवढं बोलून ते गाडीत जाऊन बसले.

दुपारी मी इस्त्रीचा ॲप्रन रेश्माच्या हातात परत दिला. तिनं घेतला, पण लगेच गेली नाही.

"मॅडम, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं."

"हो गं."

"तुम्हाला ठाऊक होतं ना? असं काही नसतं म्हणून?"

"होतं."

"मग?"

तिला काय सांगू? मी दमले होते म्हणून? ते खरंच होतं. खड्डे, स्कूटर, गुडघे, नवऱ्याची शुगर, दिवसाला दहा फोन, सगळं खरं. पण त्यातलं एकही कारण तिच्यासमोर उच्चारायची माझी हिंमत झाली नाही. तिनं ॲप्रन चढवला आणि ती कामाला गेली. त्या दिवसापासून ती मला विचारायचं ते सगळं विचारते, नीट बोलते. पण आधी हसून सासूचं काय काय सांगायची, ते बंद झालं. ते माझं मी घालवलं.

लाकडी रॅक जाळले. लोखंडी आले. खोली तीनदा धुतली. पाचव्या लॉटला विरजण रेश्मानं लावलं. अण्णासाहेबांनी सगुणाबाईंना आत जायला मनाई केली नव्हती, मीही दोनदा म्हटलं, पण त्या जाईनात.

"हाताचा वास गेला न्हाई अजून," म्हणायच्या. राखेनं घासून घासून तळवे लाल केले होते. वास आहे की नाही, ते मला कसं कळणार? रेश्माला विचारलं तर ती म्हणाली, "नाही येत." पण हे ती त्यांना सांगायला गेली नाही.

सगुणाबाई बाहेर पत्र्याखाली, त्याच पोत्यावर बसून सुपात कणी निवडत राहिल्या. पाणी हवं झालं तर दारातूनच मागायच्या.

दहाव्या दिवशी सकाळी मी स्कूटर लावत होते. रेश्मा खोलीतून पिशवी घेऊन आली आणि सगुणाबाईंसमोर उभी राहिली. तिनं पिशवी पुढं केली. सगुणाबाईंनी हात पुढं केले, आणि मग पाठीमागं नेले.

"तूच धर. उजेडाकडं कर जरा."

रेश्मानं पिशवी उन्हात धरली. तळापासून तोंडापर्यंत हिरवी. सगुणाबाई मान तिरकी करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "धरली गं. चांगली धरली. तुज्या हाताला हाय."

रेश्मा एकदा मान हलवून आत जायला निघाली. दाराशी सगुणाबाईंचे पाय पसरलेले होते. ती येतेय हे बघून त्यांनी ते उंबऱ्यापासून चांगले हातभर लांब, पोटाशी ओढून घेतले. ती आत गेल्यावर त्यांनी सूप पुढं घेतलं आणि खडे निवडायला लागल्या.